पायांची ताकद गेलेली दिसते, श्वास आणि रक्तदाबाचं काय? जीबीएसच्या निमित्ताने मज्जासंस्थेबद्दल

सोनकी

नमस्कार मंडळी,

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो, त्यामुळे बहुतेकांनी नावच पहिल्यांदा ऐकलं. बातम्या आल्या, पाण्यावरून गदारोळ झाला, मग सगळं शांत झालं. रुग्णांचं मात्र तेव्हा कुठे सुरू झालं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मज्जासंस्थेच्या आजारातून उठणाऱ्या लोकांबरोबर काम करते. त्या साथीतले आणि नंतरचेही जीबीएसचे रुग्ण पाहते आहे. नातेवाईकांशी बोलताना एक गोष्ट सतत जाणवते. सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं. "पाय कधी हलणार?" हाच पहिला आणि शेवटचा प्रश्न. पण या आजारात जीव जातो तो पाय न हलल्यामुळे जात नाही. जातो श्वासामुळे, गिळता न आल्यामुळे, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके सैरभैर झाल्यामुळे. ही कामंही मज्जातंतूच करतात, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, पण घरात माणूस आजारी पडतो तेव्हा ते आठवत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ही मध्यवर्ती चेतासंस्था. त्यातून बाहेर पडून हात, पाय, चेहरा, छाती, पोट, त्वचा इथपर्यंत जातात त्या परिघीय नसा. जीबीएसचा हल्ला या परिघीय नसांवर होतो. मेंदू शाबूत राहतो. माणसाला सगळं कळतं, ऐकू येतं, आठवतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जलद मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असावं तसं. त्या वेष्टनात ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि संदेश एका खाचेवरून दुसरीवर उड्या मारत जातो. म्हणून तो सेकंदाला 50 मीटर किंवा त्याहूनही वेगाने धावतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंमधून तोच वेग सेकंदाला मीटरभर असतो. जीबीएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती हे वेष्टन, आणि काही प्रकारांत आतला तंतूच, फाडू लागते. संदेश मंदावतो, अडखळतो, मग पोचतच नाही.

सुरुवात कशी होते ते ऐका, कारण ही चिन्हं घरातच दिसतात. पायांना मुंग्या. कंबर आणि मांड्या दुखणं, कधी इतकं की लोक हाडाच्या डॉक्टरकडे जातात. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. खाली बसलेला माणूस हात टेकल्याशिवाय उठत नाही. जिना चढताना कठडा लागतो. मग हात: बरणीचं झाकण फिरत नाही, केस विंचरायला हात वर जात नाहीत. दोन्ही बाजूंना साधारण सारखंच होतं. ताप बहुधा नसतो. आठ-पंधरा दिवस आधी जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. हातोडीने गुडघ्यावर ठोकलं तर पाय उडत नाही, हे डॉक्टर बघतात. आजार तळ गाठतो तो बहुतेकांचा दोन आठवड्यांत, जवळजवळ सगळ्यांचा चार आठवड्यांत.

आता श्वास. छाती आणि पोटाच्या मधलं श्वासपटल हलवणारी नस मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते. हल्ला तिथे पोचला की श्वास उथळ होतो. रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला व्हेंटिलेटर लागतो. आणि इथे करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर दगा देतो. फुप्फुसं चांगली असतात, त्यामुळे बोटावर 97-98 दिसत राहतं. दमतो तो स्नायू. आकडा खाली येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्यापेक्षा रुग्णाला एक खोल श्वास घ्यायला सांगा आणि त्याच एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. निरोगी माणूस सहज 30-40 च्या पुढे जातो. सकाळी 35 येत होते आणि संध्याकाळी 22, तर वाट बघायची नाही. 20 च्या आत आले तर थेट आयसीयू असलेलं रुग्णालय. आवाज नाकातून येऊ लागला, पाणी पिताना ठसका लागला, मान उशीवरून उचलता येईना, तरीही तेच.

स्वायत्त चेतासंस्थेबद्दल, म्हणजे हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय, घाम हे सगळं आपल्या नकळत सांभाळणाऱ्या भागाबद्दल, प्रतिसादांत लिहिते. पोस्ट लांबली आहे.

---

मुठाकाठ

चांगला धागा. मी त्याच भागात राहतो. त्या दिवसांत आमच्या सोसायटीत टँकर, विहीर, नळ यावरून रोज भांडणं व्हायची. मला पडलेला प्रश्न असा की पाणी तर हजारो लोक पीत होते. आमच्याच इमारतीत कितीतरी घरांत जुलाब झाले. मग जीबीएस एखाद्यालाच का झाला?

---

सोनकी

मुठाकाठ, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षं पडला होता. साथीच्या वेळी राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. जगभरात जीबीएसच्या आधी सर्वांत जास्त वेळा हाच सापडतो. कोंबडीच्या आतड्यात तो सुखाने राहतो, तिला काही करत नाही. दूषित पाणी, अर्धवट शिजलेलं चिकन, न उकळलेलं दूध यांतून माणसात येतो. बहुतेकांना काही दिवस पोटदुखी आणि जुलाब होतात, संपलं.

पण या जिवाणूच्या काही जातींच्या आवरणावर असे रेणू असतात, जे आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी हुबेहूब जुळतात. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच नसांना जाऊन चिकटतात. जिवाणू एव्हाना गेलेला असतो, म्हणून मधे एक-दोन आठवड्यांचं अंतर दिसतं. जिवाणूची जात तीच हवी, माणसाच्या प्रतिकारशक्तीची घडणही तशी हवी. दोन्ही जुळून येणं हजार संसर्गांत एखाद्या वेळी घडतं. म्हणजे तुमच्या इमारतीत जुलाब झालेल्यांनी नशिबाला बोल लावण्यासारखं काही नव्हतं, आणि ज्यांना जीबीएस झाला त्यांनी वेगळं काही खाल्लं-प्यायलंही नव्हतं. आमच्याकडच्या एका तरुण रुग्णाला नातेवाईक सारखे "बाहेरचं खातोस म्हणून झालं" असं ऐकवायचे. त्याला आजारापेक्षा तेच जास्त लागायचं. कृपा करून असं बोलू नका.

पाणी उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका, कच्चं चिकन चिरलेल्या सुरी-पाटावर कोशिंबीर चिरू नका, चिकन आत गुलाबी राहू देऊ नका. जिवाणू उष्णतेने आणि क्लोरीनने सहज मरतो.

---

मोगरी

सोनकीताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

माझ्या वहिनीला झाला होता. साथीच्या नंतर, आणि पुण्यात नाही. आधी जुलाब, मग हातापायाला मुंग्या. जवळच्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून सलाइन आणि बी-12 चं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी ती बाथरूममधून उठू शकली नाही. तरी "बीपी चांगलं आहे, ऑक्सिजन 98 आहे" म्हणून परत घरी. रात्री तिला पाणी गिळता येईना, नाकातून बाहेर आलं. तेव्हा दादाने गाडी काढून मोठ्या शहरात नेलं. पोचल्यावर तासाभरात व्हेंटिलेटर.

तुम्ही लिहिलंय ना, मेंदू शाबूत असतो. ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. चेहरा पण गेला होता तिचा, दोन्ही बाजूंनी. डोळे पूर्ण मिटत नव्हते, हसू-रडू काही उमटायचं नाही. आम्हाला वाटलं ती बेशुद्ध आहे. तिच्या पलंगाशी उभं राहून नातेवाईक काय काय बोलले! "पोरांचं कसं होणार" वगैरे. नंतर तिने सगळं सांगितलं, कोण काय बोललं ते नावानिशी. अजून एका काकूंशी बोलत नाही ती.

तिथल्या एका नर्सताईंनी मग अक्षरांचा तक्ता केला. पुठ्ठ्यावर क-ख-ग-घ अशा ओळी. बोट फिरवायचं, वहिनीने डोळे वर करायचे, ती ओळ. मग अक्षर. तिचं पहिलं वाक्य काय असावं? "डोळे जळतात." मिटत नव्हते म्हणून कोरडे पडले होते. थेंब आणि रात्री डोळ्यांवर पट्टी सुरू झाली. ती कधीपासून ते सहन करत होती.

आणि बीपीचं तुम्ही म्हणता तसंच. मॉनिटरवर 190, थोड्या वेळाने 85. आम्ही घाबरून सिस्टरांना हाका मारायचो. कूस बदलली की बदलायचं, घशातली कफाची नळी साफ केली की नाडी एकदम खाली. हे का होतं ते समजावून सांगाल का? तेव्हा विचारायची हिंमत नव्हती.

---

सोनकी

मोगरी, तुमचा हा अनुभव मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर. अक्षरांचा तक्ता प्रत्येक आयसीयूत टांगलेला हवा. त्याला खर्च पुठ्ठ्याचा आणि पेनाचा.

आता बीपीचं. स्वायत्त चेतासंस्थेच्या दोन बाजू आहेत. अनुकंपी बाजू ठोके वाढवते, रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब चढवते. परानुकंपी बाजू ठोके कमी करते, आतड्यांना चालना देते. तिचा मुख्य तंतू म्हणजे मेंदूच्या बुडातून निघून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नस. हृदयाला सगळ्या नसांपासून तोडलं तर ते मिनिटाला साधारण 100 ठोके टाकतं. आपण शांत बसलेलो असताना 70 दिसतात ते व्हेगस सतत लगाम धरून असते म्हणून. नस हृदयाला हुकूम कसा देते, याचा शोध ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर लावला: व्हेगस उत्तेजित केलेल्या एका हृदयाभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, आणि तेही मंदावलं. म्हणजे नस रसायन सोडते. 1936 चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळालं.

मानेतल्या मोठ्या धमनीत रक्तदाब मोजणारी जागा आहे. तुम्ही आडवे असता आणि उठून बसता, तेव्हा रक्त पायांकडे उतरतं. ती जागा लगेच वर कळवते, मेंदू रक्तवाहिन्या आवळायला सांगतो, ठोके वाढवतो. काही सेकंदांत सगळं सावरतं, म्हणून आपल्याला काही जाणवतही नाही. जीबीएसमध्ये हे जाणारे-येणारे निरोप बिघडतात. मग नुसती कूस बदलली तरी दाब कोसळतो, किंवा विनाकारण चढतो. घशात नळी घातली की व्हेगस चाळवते, आणि तिला तोलणारी दुसरी बाजू निकामी झालेली असल्यामुळे ठोके धोकादायक इतके खाली येतात. अशा वेळी बीपी 190 दिसलं म्हणून जोराचं औषध दिलं तर पुढच्या क्षणी ते 70 होऊ शकतं. म्हणून अनुभवी डॉक्टर थांबून बघतात. नातेवाईकांना वाटतं, काहीच करत नाहीत.

लघवी तुंबणं, पोट फुगणं, आतडी थंडावणं हे त्याच बिघाडाचे भाग. "आज पोट साफ झालं का, लघवी किती झाली" हे नर्स रोज विचारते, ते मज्जासंस्थेचीच तपासणी करत असते.

---

आडगाव_डॉक्टर

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. वरच्या मोगरीताईंच्या पोस्टमधला पहिला दवाखाना माझ्यासारख्याच कुणाचा असेल, म्हणून आमच्या बाजूने दोन शब्द. हातापायाला मुंग्या आणि अशक्तपणा घेऊन रोज माणसं येतात, त्यात बी-12 ची कमतरता, पोटॅशियम कमी होणं, साखरेच्या तक्रारी, नुसता थकवा, सगळं असतं. पण गुडघ्यावर हातोडी मारायला अर्धा मिनिट लागतो. मुंग्या आहेत, ताकद दोन दिवसांत उतरली आहे आणि प्रतिक्षेप येत नाहीत, एवढं दिसलं की सलाइन न लावता चिठ्ठी लिहून पाठवायचं. मी तेच करतो.

लहान मुलांचं वेगळं सांगतो. 15 वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही वाटो, आम्हाला सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. शौचाचे दोन नमुने 24 तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत घेतात. हे पोलिओसाठी. भारताला 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं तरी ही पाळत सुरू आहे आणि सुरू राहायला हवी. पोलिओत ताप असतो, एकच पाय जास्त जातो, मुंग्या-बधिरपणा नसतो, कारण विषाणू मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशी मारतो. जीबीएसमध्ये दोन्ही बाजू जातात. पालकांनो, शौचाचा नमुना मागितला तर कटकट करू नका.

उपचारांबद्दल. दोनच गोष्टी परिणामकारक ठरल्या आहेत. एक, आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. वजनाच्या किलोमागे रोज 0.4 ग्रॅम, पाच दिवस. 60 किलोच्या माणसाला एकूण 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. त्याचा खर्च कुटुंबाचं कंबरडं मोडतो. दुसरी, प्लाझ्मा बदलणं: रक्तातला द्रव भाग यंत्राने काढून टाकायचा, दोन आठवड्यांत चार-पाच वेळा. दोन्हींचा गुण सारखाच. एक झाल्यावर लगेच दुसरं करून जास्त फायदा होत नाही. प्लाझ्माला सहसा खर्च कमी येतो, पण यंत्र आणि शिकलेली माणसं सगळीकडे नसतात. बाटल्यांसाठी जमीन गहाण टाकण्याआधी डॉक्टरांना प्लाझ्माबद्दल आणि सरकारी योजनेबद्दल स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच कसला?

स्टेरॉइड जीबीएसमध्ये उपयोगी पडत नाहीत, हे चाचण्यांतून सिद्ध झालेलं आहे. तरी गावाकडे अजून देतात.

---

तापीकाठचा

माझा प्रश्न थोडा अवांतर आहे, चालत नसेल तर सांगा. बाबांना डायबेटिस आहे, बरीच वर्षं. हल्ली पहाटे लघवीला उठले की भोवळ येते. एकदा पडले, कपाळाला टाके पडले. हृदयाच्या डॉक्टरांनी इको केला, ठीक आहे म्हणाले. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, तेही ठीक म्हणाले. वर सोनकीताईंनी बीपी सावरण्याबद्दल लिहिलं ते वाचून वाटलं, हे तेच तर नाही ना?

---

आडगाव_डॉक्टर

तापीकाठचा, अजिबात अवांतर नाही. हेच आपल्याकडे जास्त आहे. जीबीएस लाखात एक-दोघांना, आणि डायबेटिसमुळे झिजलेल्या नसा गल्लीगल्लीत.

घरी बीपीचं मशीन असेल तर असं करा. बाबांना पाच मिनिटं आडवं राहू द्या, बीपी घ्या. मग उभं करा, शेजारी तुम्ही उभे राहा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर उभं राहिल्यावर दाब सावरत नाही असं समजायचं. नाडीही बघा. दाब इतका उतरूनही नाडी जवळजवळ वाढलीच नाही, तर हृदयाकडे जाणाऱ्या नसा झिजल्याची शंका बळावते. हे आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या. बसलेल्या माणसाचंच बीपी घ्यायची सवय असल्यामुळे हे दवाखान्यात सुटतं.

बरोबर सगळ्या गोळ्या न्या. बीपीच्या गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या आणि विशेषतः प्रोस्टेटसाठी रात्री दिलेली गोळी, यांनी हे वाढतं. स्वतःहून बंद करू नका, पण दाखवा. तोवर रात्री पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवा. उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसू दे, पाय खालीवर हलवू दे, मग उभं राहू दे.

आणखी दोन गोष्टी, या जास्त महत्त्वाच्या. साखर फार कमी झाली की घाम, थरथर, धडधड होते ती अनुकंपी बाजूमुळे. ती झिजली की हा इशारा येत नाही, माणूस थेट गोंधळतो किंवा बेशुद्ध पडतो. तसंच हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो. डायबेटिस असलेल्या माणसाला अचानक दम लागला, घाम फुटला, ओकारी आली, तर ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवू नका. ईसीजी काढा.

---

तापीकाठचा

डॉक्टर, मोजलं. आडवे असताना 148/84, उभं राहिल्यावर 112/70. नाडी 78 वरून 81. प्रोस्टेटची गोळी रात्री घेतातच. सोमवारची वेळ घेतली आहे. बाबा स्वतः म्हणाले की हा कागद मीच दाखवणार.

---

झाडीपट्टी

मी चंद्रपूरकडची. कुष्ठरोगाच्या कामात बरीच वर्षं आहे. नसांचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण आमच्या लोकांची आठवण अशा धाग्यांत कुणी काढत नाही. आनंदवन 1949 पासून आमच्याच जिल्ह्यात आहे, तरी लोकांना अजून वाटतं की कुष्ठरोगात बोटं "झडतात".

झडत नाहीत. हॅन्सेनने 1873 मध्ये शोधलेला हा जिवाणू त्वचेत आणि नसांत राहतो. कोपरामागची, गुडघ्याबाहेरची, घोट्याच्या आतली नस जाड होते, दुखते, मग मरते. संवेदना गेली की गरम पातेलं उचललं जातं, बिडी बोटापर्यंत जळते, काटा तळव्यात राहतो. जखम चिघळत हाडापर्यंत जाते. आणि सोनकीताईंनी वर घामाचं लिहिलं तेही इथे आहे. घाम आणणारे तंतू मेले की तळवा कोरडा पडतो, भेगा पडतात, तिथूनच जखमेची सुरुवात. म्हणून आम्ही रोज शिकवतो: पाय पाण्यात भिजवा, खरबरीत कातडी घासा, ओल्या पायालाच तेल लावा, तळवे आरशात बघा, मऊ रबराच्या चपला घाला. डायबेटिसच्या पायालाही रोज तळवे बघण्याचा आणि मऊ चपलांचा नेम लागू, पाय पाण्यात भिजवत ठेवणं मात्र नको.

औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि आजार पूर्ण बरा होतो. नस मात्र वेळेत वाचवावी लागते. नुकतीच ताकद किंवा संवेदना गेली असेल तर स्टेरॉइडने परत येऊ शकते. इथे स्टेरॉइड उपयोगाचं आहे, जीबीएससारखं नाही. अंगावर न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा दिसला तर लाजू नका, दाखवा.

---

रानवाट७

माझ्या मावसभावाला जीबीएस झाला होता. आता घरी आहे. आमच्याकडे एक वैदू नसा मोकळ्या करतात, जोरात मालिश आणि गरम वाळूचा शेक. पुष्कळांना गुण आलाय म्हणतात. सुरू करावं का?

---

सोनकी

रानवाट, करू नका. हलक्या हाताने तेल लावायला माझी हरकत नाही. अंगाला बरं वाटतं, घरच्यांचा हात लागतो. पण जोराची मालिश आणि शेक नको.

कारणं सांगते. खांद्याचा सांधा भोवतालच्या स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. ते स्नायू लुळे असताना हात ओढला तर सांधा निखळतो किंवा आतलं आवरण फाटतं. मग पुढचे महिने दुखऱ्या खांद्यात जातात. शेकाचं तर झाडीपट्टीताईंनी वर लिहिलंच आहे. त्वचेला चटका कळत नसेल तर वाळू किती तापली आहे हे रुग्ण सांगणार कसा? माझ्याकडे पाठीवर भाजलेले रुग्ण आले आहेत. आणि "गुण आला" हे खरंच असतं, पण जीबीएस स्वतःहूनच उताराला लागतो. त्या दिवसांत जे केलं त्याला श्रेय मिळतं.

घरी करायचं ते असं. दर दोन तासांनी कूस बदला. टाच, माकडहाड, घोटा रोज बघा, लाली दिसली तर त्या बाजूवर भार नको. पाऊल खाली लोंबू देऊ नका, घोट्याला काटकोनात धरणारी पट्टी वापरा, नाहीतर टाचेमागची शीर आखडते आणि ताकद परत आली तरी पाय टेकत नाही. प्रत्येक सांधा दिवसातून दोन-तीनदा, दुखणार नाही इतपत, पूर्ण हलवा.

---

निफाडकर

मी स्वतः यातून गेलोय. व्हेंटिलेटर लागला नाही, पण बराच काळ अंथरुणात. आता चालतो, गाडी चालवतो, द्राक्षाच्या बागेत जातो. लोक म्हणतात ठणठणीत झालास. पण दुपारी दोननंतर अंगातलं सगळं निथळून जातं. छाटणीच्या दिवसांत जोर लावला तर दुसरे दोन दिवस अंथरूण. तळव्यांना रात्री आग. घरचे म्हणतात, आता सवय झालीय आरामाची. हे मनाचं आहे की शरीराचं?

---

सोनकी

शरीराचं आहे, दादा. ही पोस्ट घरच्यांना जरूर दाखवा.

बाहेरचं वेष्टन फाटलं असेल तर श्वान (Schwann) पेशी, म्हणजे हे वेष्टन बनवणाऱ्या पेशी, ते काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा गुंडाळतात. पण नवं वेष्टन पहिल्यापेक्षा पातळ आणि खाचांतलं अंतर आखूड असतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मीटरभर धरा आणि हिशोब करा. काही तंतू पोचतच नाहीत. मग शेजारचा तंतू फांद्या फोडून त्या अनाथ स्नायूपेशींनाही सांभाळतो. तपासताना ताकद पूर्ण दिसते, पण कमी तंतू जास्त पेशींचा भार उचलत असतात, म्हणून ते लवकर थकतात. साधारण 80 टक्के रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात, ही आनंदाची गोष्ट आहे. थकवा मात्र त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना वर्षानुवर्षं राहतो.

काम सकाळी उरका, मधे ठरवून विश्रांती घ्या, थकायच्या आधी. दुसऱ्या दिवशी उठल्यावर कालच्यापेक्षा ताकद कमी वाटली तर काल जास्त झालं. व्यायाम सोडू नका, हळूहळू वाढवलेली सायकल थकवा कमी करते. तळव्यांच्या आगीवर नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ती जात नाही. डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा: "रात्री आग होते."

---

मोगरी

निफाडकर दादा, वहिनीचंही अगदी हेच. तिला आम्ही आता दुपारी दोन ते चार कुणी हाक मारत नाही. परवानगी आहे सोनकीताई, जरूर वाचून दाखवा. एक शेवटचं विचारते. तिला दरवर्षी फ्लूची लस घे म्हणून सांगतात, दमा आहे तिला. पण लसीने जीबीएस होतो असं वाचलं. आणि पुन्हा होतो का हा?

---

आडगाव_डॉक्टर

मोगरीताई, लसीचं मूळ 1976 सालात आहे. अमेरिकेत तेव्हा स्वाइन फ्लूसाठी सुमारे 4.5 कोटी लोकांना लस दिली आणि लाख लोकांमागे साधारण एक जादा जीबीएस दिसला. मोहीम थांबवली. त्यानंतरच्या फ्लूच्या लसींत जादा धोका सापडलाच तर दहा लाखांत एक-दोन इतका आहे, आणि प्रत्यक्ष फ्लू झाल्यावर होणाऱ्या जीबीएसचा धोका त्याहून जास्त आहे. वहिनींचा आजार जुलाबांनंतर आला होता, लसीनंतर नाही, त्यामुळे लस सहसा घेता येते. लस घेऊन सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल तर मात्र ती लस पुन्हा देताना विचार करतात. दम्याच्या आणि मज्जासंस्थेच्या, दोन्ही डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात दोन ते पाच. पण ताकद दोन महिन्यांनंतरही उतरतच राहिली, किंवा बरं होऊन पुन्हा पुन्हा उतरली, तर तो सीआयडीपी नावाचा दीर्घकाळ चालणारा भाऊबंद आजार असू शकतो. त्यात स्टेरॉइड चालतात आणि आयव्हीआयजी पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. म्हणून जुने एनसीव्हीचे (नसांतून संदेश किती वेगाने जातो त्या तपासणीचे) रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड फायलीत जपून ठेवा, आणि मुंग्या पहिल्यासारख्या परत आल्या तर फाइल घेऊन त्याच दिवशी निघा. माझ्यासारख्याच्या दवाखान्यात रांगेत थांबू नका.